तातवाल्यांकडची पाहुणी

बाईंच्या नजरेत ती पहिल्यांदा भरली तेव्हा ती बाकावर बसायला तयार नव्हती. आठवीचा वर्ग, शाळा नुकतीच सुरू झालेली. बाकीच्या मुली खिडकीजवळच्या जागेसाठी एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या आणि ही एकटीच वाकून बाक हुंगत होती. हुंगून झाल्यावर तिने दप्तरातून ओलं फडकं काढलं, बाक पुसला, मग ते फडकं हुंगलं, तोंडात काहीतरी कडू आल्यासारखा चेहरा केला आणि अगदी काठावर टेकली.

"काय गं, काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बाई, इथे कुणीतरी संत्रं खाल्लंय आणि हात बाकालाच पुसलेत. ताजं नाही, जुनं आहे."

बाईंनी जवळ जाऊन वास घेतला. त्यांना नुसता लाकडाचा वास आला. त्यांनी हसू दाबलं आणि हजेरी घ्यायला लागल्या. वर्गाने मात्र त्याच आठवड्यात तिचं बारसं केलं: नाकतोडी. सारखं नाक मुरडते, एक दिवस ते तुटून हातात येईल, म्हणून.

नाकतोडीला किळस येत नसे अशी वस्तू शोधावी लागे. दुधावरची साय, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, नळाला लटकलेला थेंब, ओला साबण, म्हाताऱ्यांचे पापे. पाणी पिण्याआधी ती पेला उजेडात धरून बघे. हे सगळं तिच्याकडे आईकडून आलं होतं, आणि आईकडे ते भरपूर होतं. वडिलांचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे घरात फिनेलच्या बाटल्यांना तोटा नव्हता. फरशी दिवसातून दोनदा फिनेलने पुसली जाई, दारांच्या कड्या स्पिरिटने, आणि प्रत्येक कपाटात, उशीखाली, अगदी चपलांच्या खणातसुद्धा डांबरगोळ्या. खिडक्या बंद, कारण बाहेर गटार होतं. या घराला काहीच वास नाही, असं नाकतोडी मनापासून मानत होती. वास असायचा तो इतरांच्या घरांना.

शाळेचं सीमेपलीकडच्या एका शाळेशी जुळलेलं होतं. दरवर्षी आपली आठ मुलं आठवडाभर तिकडे राहायला जायची आणि महिन्याभराने त्यांची आठ इकडे यायची. तिकडची भाषा आपल्या भाषेची चुलत बहीणच, शब्द बहुतेक तेच, फक्त हेल वेगळा. प्रत्येकाची एक जोडी लागे, आणि ज्याची जोडी ज्याच्याशी, त्याच्याच घरी राहायचं. नियम कडक होता: पाहुण्याने मध्येच घर सोडलं तर जोडी मोडली, आणि जोडी मोडली की यजमान मुलाचं परतीचं येणंही रद्द. एकदा एका मुलाने गादी टोचते म्हणून घर बदललं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

बाईंनी नाकतोडीचं नाव सुचवलं, कारण तिकडच्या भाषेत तिच्याइतके चांगले मार्क कुणालाच नव्हते. आईने आधी साफ नकार दिला, मग रडून घेतलं, मग बॅग भरली. स्वतःची चादर, स्वतःचा चमचा, स्वतःचा पेला, आणि तळाशी कपड्यांत गुंडाळून फिनेलची मोठी बाटली.

"जिथे राहशील तिथे आधी मोरीत थोडं ओत," आई म्हणाली. "कुणाला सांगू नकोस. लोकांना राग येतो."

प्रवास बसचा होता. सीमा ओलांडायच्या आधीच दोघांनी पिशवीत उलट्या केल्या आणि त्यातली एक पिशवी फुटली. नाकतोडी रुमाल नाकाला लावून खिडकीला चिकटून बसली. बाई मागच्या सीटवर होत्या, पुढच्या सीटवर पर्यवेक्षक सर होते. सरांनी स्कूटरची किल्ली कानात घालून फिरवली, बाहेर काढून तिच्या टोकाकडे बारकाईने पाहिलं, आणि ते टोक सीटच्या खालच्या बाजूला पुसलं. मग त्यांनी त्याच हाताने सगळ्यांना गोळ्या वाटल्या. नाकतोडीने तिची गोळी हळूच खिडकीबाहेर टाकली.

तिची जोडीदार शाळेच्या फाटकाशी उभी होती. उंच, काटकुळी, हात गुडघ्यांपर्यंत पोचतील असे. "मला सगळे शिडी म्हणतात," ती म्हणाली, "तूही तेच म्हण, खरं नाव ऐकलं तर मी वळूनसुद्धा बघत नाही." आणि तिने नाकतोडीची बॅग खांद्यावर टाकली.

घर गावाच्या मागच्या अंगाला होतं, कत्तलखान्याच्या भिंतीला लागून. शेवटच्या वळणावर वासाने नाकतोडीला गाठलं. पहिल्यांदा तो गोडसर वाटला, आणि तेच जास्त वाईट होतं. मग त्याच्या खालचा दुसरा वास वर आला, कुजका, कोमट, जिभेवर चरबीसारखा बसणारा. तिने तोंडाने श्वास घेऊन पाहिला तर वासाची चव लागायला लागली.

"हे काय आहे?" तिने रुमालातून विचारलं.

"काय काय आहे?" शिडीने इकडेतिकडे पाहिलं. "अच्छा, वास! तो आमचाच."

शिडीचे वडील तातवाले होते. मेंढ्यांची आतडी आणायची, पिळून धुवायची, आतला बुळबुळीत थर आणि चरबी खरवडून काढायची, सोड्याच्या पाण्यात भिजवायची, मग त्यांच्या पट्ट्या पिळून पिळून वाळवायच्या, की तंतुवाद्यांची तात तयार होते. घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये ओळीने टब होते आणि त्यांत फिकट, लिबलिबीत वेटोळी तरंगत होती. काका फळीवर वाकून बोथट सुरीने एक आतडं खरवडत होते. सुरीच्या पुढे हिरवट-करडा गोळा जमत जाई, तो ते बोटाने निपटून बादलीत टाकत. बादलीतून बुडबुडे येत होते.

"ये पोरी, ये!" काका उठले आणि हात पुढे केला. हातावर काहीतरी चकाकत होतं. नाकतोडीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान लववून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं.

"हात धुऊन या आधी," काकू आतून ओरडल्या, "पाहुणी पहिल्याच दिवशी पळून जाईल!"

जेवायला भात होता आणि रस्सा. रश्श्यावर तेलाचा तवंग होता आणि त्या तवंगात नाकतोडीला शेडमधले टब दिसत होते. तिने कोरडा भात स्वतःच्या चमच्याने खाल्ला, प्रत्येक घास पाण्यासोबत गिळून. काका तोंडात घास असताना बोलत आणि हसताना त्यांच्या दाढेतलं सगळं दिसे. माणसं वाईट नव्हती, हे तिला कळत होतं. पण कळून उपयोग काय, पोट ऐकायला हवं ना.

दोघींची अंथरुणं एकाच खोलीत होती. नाकतोडी स्वतःच्या चादरीत नाकापर्यंत गुंडाळून पडली आणि सरांना काय सांगायचं ते मनात जुळवायला लागली. पोट दुखतं म्हणावं. नाहीतर सरळ सांगावं.

"एक विचारू?" शिडी अंधारात म्हणाली. "तुमच्या गावात ते मोठं संगीतगृह आहे ना, लाल खुर्च्यांचं? परतीच्या वेळी तिथे नेतात म्हणे."

"हो, नेतात."

"आमची तात तिथे जाते. बाबांच्या बाबांपासून. मी कळायला लागल्यापासून खरवडतेय, पण समोर बसून एकदाही ऐकली नाही. रेडिओवर ऐकते, पण रेडिओत काय गं, तात थोडीच दिसते?" ती कुशीवर वळली. "तीन वर्षं नाव देतेय मी. पाहुणा आमच्याकडे यायला कबूलच होत नाही. तू पहिली."

नाकतोडीने मनात जुळवलेलं वाक्य तिथेच अडकून राहिलं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली. जायचं नाही तर निदान श्वास तरी घेता यायला हवा. बाटली काखेत लपवून ती मागच्या अंगाला मोरी शोधत गेली. मोरीच्या दाराशीच एक टब होता, इतरांपासून वेगळा ठेवलेला, झाकण अर्धवट सरकलेलं. आत गढूळ पाणी, वर फेस, आणि फेसाखाली काहीतरी बारीक दोऱ्यांसारखं. तिला वाटलं, घाणीचं मूळ हेच, कुणीतरी मोरीतला गाळ काढून यात टाकलाय. तिने नाक दाबलं आणि अर्धी बाटली ओतली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. घरचा वास वर आला आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच तिने छातीभर श्वास घेतला.

"पांढरं काय झालंय हे?" मागून काका आले. त्यांनी टबात हात घातला, मूठभर दोरे वर काढले, नाकाशी नेले, आणि त्यांचा चेहरा असा वाकडा झाला की नाकतोडी बघतच राहिली. तो चेहरा तिने फक्त आरशात पाहिला होता.

"शी शी शी! कसला घाण वास हा!" काकांनी दोरे टाकले आणि नळाखाली हात चोळायला लागले. पुन्हा हुंगले, पुन्हा चोळले. "अगं, इकडे ये! मळमळतंय मला!"

काकू आल्या, शिडी आली. नाकतोडीच्या हातात बाटली तशीच होती, लपवायचं तिला सुचलंच नाही. त्या टबात पिळायला तयार झालेली तात होती. दोन आठवडे धुऊन, खरवडून, भिजवून झालेली. फिनेलचा वास तिच्यातून आता जन्मात जाणार नव्हता, आणि वासाची तात कुठलाही वाजवणारा हनुवटीखाली घेणार नव्हता.

"मला वाटलं..." नाकतोडी म्हणाली, "मला वाटलं, मोरीचं पाणी आहे."

काकूंनी टब आडवा केला. शिडी एकेक दोरा गोळा करून बादलीत टाकत राहिली, आणि नाकतोडीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तेवढं एकच तिला सहन झालं नाही.

शाळेत त्या दिवशी तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. तिच्या कपड्यांना दोन्ही वास लागले होते. "आली, आतड्यांची राणी आली!" म्हणून तिच्याच शाळेची मुलं नाक दाबून ओरडली, आणि ते ऐकून सरांनी चौकशी केली. संध्याकाळी सर आणि बाई शिडीच्या घरी आले.

सर शेडच्या दारापर्यंतच आले. "मी इथूनच बोलतो," ते रुमालातून म्हणाले. रुमाल त्यांनी दोन्ही हातांनी नाकावर धरला होता. "अहो, माणसं राहतात का इथे? निदान सांगायचं तरी आधी! चांगल्या घरची मुलगी आहे ती. बाई, तिची बॅग घ्या, ती तुमच्यासोबत विश्रामगृहात राहील. जोडी मोडल्याचं मी त्यांच्या मुख्याध्यापकांना कळवतो."

फळीवर शिडी खरवडत होती. तिची सुरी थांबली, पण मान वर झाली नाही.

नाकतोडीला हवं होतं ते हेच होतं. कालपासून हवं होतं. तिला फक्त बॅग उचलायची होती. पण ती सरांच्या रुमालाकडे बघत होती. काठ धरायची तीच पद्धत, तिरकी मान तीच, आणि डोळे बारीक करून माणसांना लांब ठेवणंही तेच. काल वळणावर आपण अशाच दिसत असणार, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या अंगावर शहारा आला.

"पोरगी न्यायची तर न्या," काका शांतपणे म्हणाले, "पण ती बाटलीही न्या सोबत. अजून अर्धी शिल्लक आहे."

"कसली बाटली?"

"फिनेलची, सर," नाकतोडी म्हणाली. "मी यांच्या टबात ओतलं. तयार तात होती त्यात. सगळी वाया गेली."

सर हसले. "बरोबर केलंस. दुसरं काय करणार माणूस इथे?" एवढं बोलून त्यांनी खिशातून किल्ली काढली, कानात घातली, फिरवली, टोक न्याहाळलं, आणि शिडीच्या घराच्या दाराच्या चौकटीला पुसलं.

नाकतोडीच्या पोटातून सगळं एकदम वर आलं. तिला घाईने बोलावं लागलं.

"मी इथेच राहणार आहे, सर. घरचा दिवस पण इथेच, यांचंच काम करणार," ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी सरांच्या पॉलिश केलेल्या बुटांच्या अगदी शेजारी भडाभडा ओकली.

सर उडी मारून मागे झाले. थोडं बुटांवर गेलंच. काकूंनी धावत येऊन तिचं कपाळ धरलं आणि पाठ चोळली, त्यांचा हात चिकट होता, आणि नाकतोडीला तोही जाणवला.

"असू दे, असू दे," काकू म्हणाल्या. "अहो सर, सांभाळून, मागे बादली आहे."

बाईंनी सरांना बाहेर नेलं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "नक्की ना गं?" नाकतोडीने तोंड पुसत मान हलवली. बाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांना तिचा चेहरा कळत होता, ती राहणार होती आणि तिला आवडणार नव्हतं.

सहलीत एक दिवस 'घरचा दिवस' असे. त्या दिवशी शाळा नाही, पाहुण्याने यजमानांच्या घरचं जे काम असेल ते करायचं. कुणी बेकरीत गेलं, कुणी छापखान्यात. नाकतोडी फळीपाशी उभी राहिली. वाया गेलेल्या तातेच्या जागी नवी आतडी आली होती, अजून कोमट. काकांनी तिच्या हातात सुरीची मूठ दिली आणि आतड्याचं एक टोक फळीवर ताणून धरलं. "ढकलायचं नाही, ओढायचं. हळू. फाटलं तर गेलं."

आतडं बोटांखाली सरपटलं. आतून काहीतरी पचपच करत पुढे सरकलं आणि तिच्या मनगटावर आलं. गरम होतं.

"काकू..."

"ही घे," काकूंनी तिच्या पायाशी बादली सरकवली. "ओकायचं तर यात ओक बाई, टबात नको. एक टब दिला तेवढा पुरे."

शिडी फिस्सकन हसली. फिनेलच्या सकाळनंतर पहिल्यांदाच. नाकतोडीने बादली वापरली, तोंड धुतलं, पुन्हा सुरी धरली. पुन्हा बादली वापरली. दुपारपर्यंत तिने जे काही केलं त्यातलं निम्मं फाटलं आणि उरलेलं काकांनी परत खरवडलं. नखांत अडकलेलं निघेना. तिला ते काम थोडंही आवडलं नाही, संध्याकाळी हात हुंगून तिला रडू आलं, आणि आठवडा संपेपर्यंत तिने जेवण म्हणून फक्त कोरडा भात आणि पाव खाल्ला. पण जोडी मोडली नाही.

महिन्याभराने शिडी इकडे आली. आईने तिची बॅग दारातच उघडून कपडे गरम पाण्यात टाकले. शिडी आत आली, दोन पावलं चालली आणि थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" नाकतोडीने विचारलं.

"इथे कोण आजारी आहे?" शिडी कुजबुजली.

"कुणीच नाही."

"मग हा वास?" शिडीला शिंका सुरू झाल्या, थांबेचनात. जेवताना ती घास तोंडात फिरवत बसली. आईने दोनदा आग्रह केला, तशी ती उठून मोरीत गेली, आणि नाकतोडीला तो आवाज ओळखीचा वाटला. झोपायला शिडीने अंथरूण खिडकीशी ओढलं, खिडकी उघडली आणि गटाराकडे तोंड करून पडली.

"उघडी ठेवलीय खिडकी!" आई हळू आवाजात फणकारली. "बाहेरची घाण आत येतेय. यांच्याकडे शिकवतात तरी काय?"

नाकतोडी घराबाहेर गेली. कोपऱ्यापर्यंत चालत गेली, तिथे बराच वेळ उभी राहिली, आणि परत येऊन दार उघडलं. तेव्हा तो वास तिला आला. डोक्यात खिळा ठोकावा तसा, फिनेल, स्पिरिट, डांबरगोळ्या, बंद हवा. तेरा वर्षं ती या वासात जेवली होती. तिला मळमळलं, आणि आईला हे कधीही सांगता येणार नाही हेही त्याच वेळी कळलं.

संगीतगृहात शिडी लाल खुर्चीवर पाठ न टेकता बसली. वाजवणारा माणूस मंचावर आला, त्याने वाद्य हनुवटीखाली घेतलं आणि पहिला सूर निघाला तशी शिडीने नाकतोडीचा दंड पकडला तो सोडला नाही. तिचे ओठ उघडे राहिले होते. बाईंनी मागच्या रांगेतून पाहिलं, मुलगी वाजवणाऱ्याकडे बघतच नव्हती, तातेकडे बघत होती. मध्येच तो माणूस थांबला, बोटांनी नाक पुसलं, हात विजारीला घासला, आणि तीच बोटं पुन्हा तातेवर ठेवली.

"शी!" शिडी एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या दोन रांगा वळल्या. "अगं, बघितलंस का? नाकाचा हात! आमच्याकडे बाबा शेवटचा पीळ देताना तीनदा हात धुतात, आणि हा बघ!"

"गप," नाकतोडी म्हणाली. पण तिलाही तसाच शहारा आला होता, आणि दोघी रुमालात तोंड खुपसून बराच वेळ हसत राहिल्या.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तातवाले काका गेले, शेड शिडी चालवते. नाकतोडी गावाच्या सांडपाणी केंद्रात नोकरीला आहे. पाण्याचा नुसता वास घेऊन कुठली टाकी बिघडली ते ती सांगते, आणि अजूनही रोज सकाळी पहिल्या टाकीपाशी तिला उमासे येतात. घरी खिडक्या उघड्या असतात. डबा ती केंद्रात खात नाही, फाटकाबाहेरच्या बाकावर बसून खाते, आणि बसण्याआधी बाक पुसते.